पाच तारे आणि एक रोही

वामनराव ढोके राळेगावच्या पुढे एका शेतात, कपाशीच्या दोन ओळींमधल्या तासात उताणे पडले होते, तेव्हाच यवतमाळात त्यांच्या बायकोच्या मोबाइलवर निरोप आला, की त्यांचा प्रवास सुखरूप पूर्ण झाला आहे. शकुबाईंनी निरोप वाचला, देवाला हात जोडले आणि जरा आडव्या झाल्या.

वामनरावांसारखा माणूस अशा गाडीत बसलाच कसा, हे आधी सांगायला हवं, कारण त्यांच्या गल्लीत अजूनही कुणाला ते पटत नाही. या गृहस्थांनी उभी हयात एसटीत काढली. बसस्थानकावर वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत बसून त्यांनी गाड्या सोडल्या, गाड्या अडवल्या, भांडणं सोडवली आणि "चौकशी खिडकीवर गर्दी करू नये" हे वाक्य इतक्या वेळा उच्चारलं, की झोपेतही ते त्यांच्या तोंडून बाहेर पडायचं. खासगी गाडीने जाणारा माणूस त्यांच्या लेखी फितूर होता.

पण लेकीपुढे कुणाचं चालतं? अपेक्षाला नागपुरात नव्या फ्लॅटचा ताबा मिळणार होता आणि त्या वेळी बाबा शेजारी हवे होते. तिने नागपुरात बसल्या बसल्या मोबाइलवर 'सोबती' नावाच्या अ‍ॅपमधून त्यांच्याच नंबरावर त्यांची जागा राखली आणि निरोपांसाठी आईचाही नंबर दिला. "बाबा, गाडी दारात येईल. मागे आरामात बसा." शकुबाई वास्तुशांतीच्या वेळी जाणार होत्या, म्हणून वामनराव एकटेच निघाले. जाताना त्यांनी मफलर नाकावर ओढून घेतला. थंडी नव्हती, पण गल्लीच्या तोंडाशी रामधनचं घर होतं. रामधन म्हणजे त्यांच्याच डेपोतला निवृत्त कंडक्टर.

गाडीचा मालक आणि चालक एकच, वाहिद. पोरगा मोठा अदबीचा. "चाचा, एसी वाढवू का? चाचा, चहा घ्यायचा का?" वामनरावांना त्याच्यात खोड काढायला काहीच सापडेना, म्हणून ते मागच्या सीटवर मोबाइलमधल्या नकाशावर नजर ठेवून गाडी किती उशिरा धावते आहे ते पाहत बसले. जुनी सवय. राळेगाव मागे पडलं आणि डाव्या हाताच्या तुरीतून रोही निघाला.

रोही म्हणजे नीलगाय. नावात गाय असली तरी घोड्याएवढं जनावर, आणि रस्ता ओलांडताना इकडेतिकडे पाहण्याची त्याच्यात पद्धत नाही. वाहिदने जीव खाऊन गाडी वळवली. रोही वाचला. गाडी रस्त्याच्या कडेवरून घसरली, कपाशीच्या बऱ्याच ओळी आडव्या केल्या आणि एका अंगावर कलून थांबली.

वाहिदच्या कपाळातून रक्त वाहत होतं. तरीही त्याने आधी मागचं दार ओढून उघडलं, वामनरावांना दोन्ही हातांनी बाहेर काढलं आणि तासात निजवलं. या गडबडीत त्याचा मोबाइल स्टँडमधून उडून वामनरावांच्या ढोपराखाली आला असावा आणि ढोपराने 'प्रवास संपवा' हे बटण दाबलं असावं. ढोपराला कोण विचारणार? लगेच वामनरावांच्या हातातला मोबाइल उजळला आणि 'तुमचा प्रवास कसा झाला?' असं त्याने विचारलं. वामनरावांचा उजवा खांदा जागेवर नव्हता, चष्मा कुठे गेला ते कळत नव्हतं, आणि ते डाव्या अंगठ्याने शकुबाईंना फोन लावू पाहत होते. अंगठा चुकत चुकत पडद्यावरून फिरला. पाच तारे पिवळे झाले. अंगठा आणखी थोडा घसरला आणि खाली एक ओळ उमटली : 'चालकाचे वर्तन नम्र होते.'

तोवर शेताची मालकीण धावत आली. धनीबाई तिचं नाव. हातात विळा, डोक्याला फडकं. तिने आधी गाडी पाहिली, मग कपाशी पाहिली, मग माणूस.

"माह्या पराटीचं वाटोळं केलं न बापा," ती म्हणाली. "अन् हा जिता हाय का?"

"जिंदा आहेत मावशी," वाहिद म्हणाला, "पण खांदा गेला वाटते."

"मंग उभा काहून? झोपडीतली खाट आन."

खाट आली. धनीबाईने एक बाजू धरली, वाहिदने दुसरी. खाटेवरून जाताना अखेर फोन लागला.

"पोचले न?" शकुबाई झोपेतून म्हणाल्या. "मले मेसेज आला."

"पोचलो नाही. पडलो."

"पडले? फ्लॅटची लिफ्ट बंद होती का?"

*

खांद्यात प्लेट बसली. हात गळ्यात आला. माणसं भेटायला येऊ लागली, आणि यवतमाळात भेटायला येणारा माणूस सल्ला घेऊनच येतो.

पहिला मान शेजारच्या गोपालचा. गोपालने एके काळी काही महिने विम्याची एजन्सी केली होती. एजन्सी गेली, पण अधिकारवाणी मुक्कामाला राहिली. त्याने खुर्ची पलंगाला भिडवली.

"काका, रोही कोनाचा?"

"कोणाचाच नाही. रोही तो रोही."

"तिथंच चुकता तुमी. रोही सरकारी जनावर व्हय. तुमच्या अंगावर सरकारी जनावर आलं. म्हंजे भरपाई फॉरेस्टवाल्यायनं द्यावी. सरळ केस हाय."

सरळ केस म्हटल्यावर वामनरावांना हुरूप आला. गळ्यात हात अडकवून ते वनखात्याच्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "जनावराला लागलं का?"

"नाही. ते उलट्या पावली तुरीत गेलं."

"नक्की? कारण ते संरक्षित जनावर आहे. त्याला इजा झाली असेल, तर आधी गाडीवाल्याला आणि तुम्हाला बोलवावं लागेल."

वामनरावांनी रोह्याच्या प्रकृतीबद्दल इतकी तपशीलवार ग्वाही दिली, की साहेबांनाही समाधान वाटलं. जनावर धष्टपुष्ट होतं, चाल उत्तम होती, शेपूट हलत होतं. मग भरपाईचा विषय न काढता ते मागच्या पावली परतले. गोपाल म्हणाला, "असं कसं, मी असतो तं बोललो असतो." तो का आला नाही, हे मात्र त्याने सांगितलं नाही.

मग खरा मार्ग सापडला. अ‍ॅपवर जागा राखली, की प्रत्येक प्रवाशाचा विमा आपोआप निघतो, असं अपेक्षाने फोनवर सांगितलं. वामनरावांनी 'सोबती'च्या मदत क्रमांकावर फोन लावला. बरीच गाणी ऐकल्यावर एक मधाळ आवाजाची मुलगी बोलली.

"सर, आमच्या नोंदीनुसार आपला प्रवास सुखरूप पूर्ण झाला आहे."

"अहो, मी शेतात पडलो होतो."

"सर, प्रवास संपल्यानंतर आपण कुठे गेलात याची जबाबदारी आमच्याकडे येत नाही. आपण पाच तारेही दिले आहेत, सर. त्याबद्दल धन्यवाद. आपण गाडीच्या विमा कंपनीशी बोलावं."

वामनराव गाडीच्या विमा कंपनीशी बोलले. तिथला साहेब म्हणाला, "गाडी अ‍ॅपवर चालू होती ना? मग प्रवासी अ‍ॅपचा. आमच्याकडे कशाला येता? आणि त्या वाहिदलाही सांगा, गाडीच्या नुकसानीचंही आधी अ‍ॅपकडून लिहून आणा."

नियंत्रकाच्या खिडकीतून त्यांनी कित्येक प्रवाशांना या फलाटावरून त्या फलाटावर धाडलं होतं. आता ते स्वतः दोन फलाटांच्या मध्ये सामान घेऊन उभे होते आणि दोन्हीकडून आवाज येत होता, की गाडी पलीकडे लागते.

रामधनही येऊन गेला. तो मिशीत हसत नव्हता, उघड हसत होता.

"वामनराव, एसटीत पडले असते तं आपला मानूस म्हून सारा डेपो धावला असता. आता सोबतीले बलावा न."

वामनराव भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. खांद्यापेक्षा हे जास्त दुखलं.

येणाऱ्यांमध्ये सल्ला न देणारा एकच, वाहिद. त्याची गाडी राळेगावच्या गॅरेजात उभी होती, आणि गाडी उभी म्हणजे घर बसलेलं. घरी म्हातारी आई, खैरुनबी. तरी तो दर दोन दिवसांनी डबा घेऊन यायचा. "अम्मीनं पायाचा रस्सा पाठवला चाचा. हड्डी लवकर जुडते म्हणते." शकुबाईंनी त्यासाठी वेगळं पातेलं काढलं. वामनरावांनी रस्सा औषध म्हणून घेतला, आणि औषध पुन्हा वाढून मागितलं.

*

मग एके दिवशी 'सोबती'चा माणूस स्वतः घरी आला. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात पेढ्यांचा डबा. त्याने आधी वामनरावांच्या प्रकृतीची, मग नागपूरच्या फ्लॅटचीही चौकशी केली. वामनराव पाघळायला लागले होते.

"काका, विम्यातून तुमचं होणार नाही," तो म्हणाला. "पण कंपनी माणुसकी जपते. तुमचा दवाखान्याचा सगळा खर्च आम्ही सद्भावना म्हणून देऊ. तुम्ही फक्त दोन ओळी लिहून द्या."

"कोणत्या ओळी?"

"की ड्रायव्हर गाडी बेफाम चालवत होता. बास. आम्ही त्याचं खातं बंद करतो, विषय संपतो. तुमचं काम आठवडाभरात."

शकुबाई चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. त्यांनी नवऱ्याला काहीही सुचवलं नाही. फक्त पाहत राहिल्या, आणि वामनरावांना ते कोणत्याही बोलण्यापेक्षा अवघड गेलं.

मोह झाला नाही असं म्हणणं खोटं होईल. खर्च मोठा झाला होता, रामधन रोज दारावरून हसत जात होता, आणि वाहिद तरणा होता, त्याला दुसरं काम मिळालं असतं. वामनरावांनी हा विचार पुरता करून पाहिला. मग त्यांना तो पोरगा आठवला, कपाळातलं रक्त एका डोळ्यात उतरलेलं असताना दुसऱ्या डोळ्याने पाहत खाट उचलणारा. नोकरीत वामनरावांनी बेफाम ड्रायव्हर खूप पाहिले होते. त्यांच्यासमोर उभे राहून त्यांना झापलंही होतं. हा त्यातला नव्हता.

"बेफाम म्हंजे काय ते मले तुमच्यापेक्षा जास्त कळते," वामनराव म्हणाले. घरात आलेल्या परक्या माणसाशी ते नेहमी शुद्ध बोलायचे, पण आता ते भान राहिलं नाही. "त्या पोरानं स्टेअरिंग वळवलं म्हून मी इथं बसून तुमचे पेढे पाहून राह्यलो. लिहून देत नाही. पेढे घेऊन जा."

माणूस गेला. शकुबाईंनी त्याच्या वाटचा चहा वामनरावांच्या कपात ओतला आणि साखर जरा जास्त टाकली. डॉक्टरांनी साखर बंद केली होती, पण तो दिवस वेगळा होता.

"आता काय करता?" त्यांनी विचारलं.

"ग्राहक आयोगात जातो. दोघायलेही उभं करतो. वाहिदच्या गाडीचंही त्यातच घालतो."

"वकील?"

"वकील कायले? गाड्या सोडायले मी कधी वकील लावला होता का?"

*

तारखा पडल्या. कधी या कंपनीचे वकील नागपुरातून येऊ शकले नाहीत, कधी त्या कंपनीचे. वामनराव मात्र प्रत्येक तारखेला धुतलेला पांढरा शर्ट घालून हजर. सोबत शकुबाई आणि वाहिद. शेवटच्या तारखेला चौथं माणूस आलं. धनीबाई राळेगावहून एसटीने उतरली, ती काखेत कपाशीचं एक वाळलेलं, मोडकं झाड घेऊनच. दारावरच्या शिपायाने अडवलं तर म्हणाली, "साक्षीदार हाय. मी बी अन् हे बी." शिपायाला नियम आठवेना. त्याने दोघांना आत सोडलं.

'सोबती'चे वकील आधी उठले. उंच, गोरे, आवाज घोटून तयार केलेला. प्रवास ज्या क्षणी संपला, त्या क्षणी विमाही संपला, असं ते म्हणाले. प्रवाशाने स्वतः समाधान व्यक्त केलं, पाच तारे दिले, चालकाच्या नम्र वर्तनाचा उल्लेखही केला.

गाडीच्या विमा कंपनीचे वकील ताडकन उठले. प्रवास संपला हे म्हणणं हास्यास्पद आहे, असं त्यांनी सांगितलं. नागपूरला निघालेला माणूस राळेगावच्या पुढे शेतात उतरेल कशाला? प्रवास चालूच होता, विमा जिवंतच होता, आणि देणं पूर्णपणे 'सोबती'चं. हे त्यांनी इतक्या तळमळीने मांडलं, की वामनरावांना वाटलं, आपण वकील लावला असता तरी तो इतकं बोलला नसता.

गोरे वकील पुन्हा उठले. दुसरे बसेचनात. आयोगाच्या अध्यक्षबाई पेन हातात धरून कधी इकडे, कधी तिकडे पाहत होत्या. वामनराव शांत होते. एका मार्गावर दोन ड्रायव्हर भांडायला लागले, की आधी त्यांना दमू द्यायचं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. दोघे दमले तसे ते उठले.

"बाईसाहेब, मला कायदा येत नाही," ते म्हणाले. "हे साहेब म्हणतात प्रवास संपला होता. म्हणजे मी या दुसऱ्या साहेबांचा. ते साहेब म्हणतात प्रवास चालू होता. म्हणजे मी या पहिल्या साहेबांचा. दोघंही अगदी मनापासून सांगतात की मी कोणाचा तरी आहे. माझी एवढीच विनंती आहे, की दोघांनी बाहेर जाऊन ठरवावं आणि मला एक काय ते सांगावं. मी कोणाच्याही गाडीत बसायला तयार आहे."

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. अध्यक्षबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि पुसायला जरा जास्तच वेळ घेतला.

"प्रवास संपला तेव्हा गाडी कुठे होती?" त्यांनी गोऱ्या वकिलांना विचारलं.

वकिलांनी कागद चाळले. "एका... शेतजमिनीत, मॅडम."

"माह्या वावरात," धनीबाई उठून उभी राहिली. तिला अजून कुणी बोलावलं नव्हतं. शपथ दिली गेली, तशी ती पुन्हा म्हणाली, "माह्या वावरात. हा मानूस उताना पडून होता. डोळे पांढरे केले होते. हात लोंबून राह्यला होता. अन् हे म्हनतेत खुशीनं उतरला. बाई, खुशीनं उतरलेला मानूस मी पाह्यला हाय. तो असा नसते."

"त्यांनी मोबाइलवर तारे दिले, ते तुम्ही पाहिलं?" गोऱ्या वकिलांनी विचारलं.

"बोट फिरत होतं मोबाइलवर. त्याले तं आपली बायको सापडून नोती राह्यली, तुमाले तारे कुठचा देते?" मग तिने कपाशीचं झाड टेबलावर ठेवलं. "अन् हे पाहा बाई. पुऱ्या ओळी अशा झाल्या. याचं कोन पाहीन?"

अध्यक्षबाईंनी समजावलं, की पिकाचा विषय वेगळा, त्यासाठी दुसरीकडे जावं लागेल. धनीबाईने मान डोलावली, पण झाड उचललं नाही.

निकाल महिन्याभराने लागला. ढोपराने किंवा अंगठ्याने प्रवास संपत नाही, प्रवासी पोचल्यावर संपतो, असा त्याचा मथितार्थ. वामनरावांचा दवाखान्याचा खर्च 'सोबती'ने द्यायचा, झालेल्या मनस्तापाची भरपाईही द्यायची. वाहिदच्या गाडीचं नुकसान विमा कंपनीने विनाकारण अडवलं होतं, ते तिने भरून द्यायचं. अपघातात वाहिदचा दोष नाही, हे निकालात स्पष्ट शब्दांत लिहिलं होतं. वाहिदने ती ओळ वामनरावांकडून परत परत वाचून घेतली आणि मग पाठमोरा होऊन उगाच रुमालात नाक शिंकरलं.

धनीबाईचंही काम झालं. कोर्टकचेरी न करता झालं. साक्षीच्या दिवशीच विमा कंपनीचे वकील बाहेर चहा घेत असताना ती टेबलावरचं झाड पुन्हा उचलून त्यांच्या समोरच्या खुर्चीवर जाऊन बसली होती. काय बोलणं झालं ते कुणी ऐकलं नाही. एवढं खरं, की वकिलांनी चहा अर्धा टाकून साहेबांना फोन लावला, आणि पुढच्या आठवड्यात कंपनीचा माणूस तिच्या शेतात मोजमाप घ्यायला आला.

गल्लीत बातमी वामनरावांच्या आधी पोचली होती. गोपालने हार आणला होता. "मी पयल्या दिवसापासून म्हनत होतो, सरळ केस हाय," तो जमलेल्यांना सांगत होता. रामधन जरा मागे उभा होता. मग पुढे आला, वामनरावांचा डावा हात हातात घेतला, कारण उजवा अजून जपायचा होता, आणि म्हणाला, "दोन कंपन्या आपसात भिडवल्या म्हनते तुमी. डेपोचं नाव राखलं राजेहो." वामनरावांनी काही नाही, काही नाही असं केलं, आणि मग पहिल्यापासून सगळं सांगितलं.

अपेक्षाच्या घराची वास्तुशांत थाटात झाली. वामनराव आणि शकुबाई वाहिदच्या गाडीनेच गेले. पुढच्या सीटवर खैरुनबी बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर मोठा डबा होता. राळेगावच्या पुढे वाहिदने गाडी हळू केली. धनीबाई शेतातून हात करून म्हणाली, "येता येता थांबा. तुरीच्या शेंगा देतो."

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी वामनराव दात घासत बाहेर आले, तर ओट्यावर तीन माणसं बसलेली. एकाचा प्लास्टरमध्ये घातलेला पाय, एकाच्या हातात मोटारसायकलचा मोडलेला आरसा, आणि तिसऱ्याकडे काहीच नव्हतं, पण त्याला कंपनीने तीनदा परत पाठवलं होतं. वामनरावांनी चूळ भरली. खांदे मागे घेतले, उजवा जपून. आत वळून शकुबाईंना चष्मा मागितला, तो अशा आवाजात की नागपूरच्या वकिलांनीही वळून पाहिलं असतं.

शकुबाईंनी चष्मा आणून दिला. सोबत चारांचा चहा आणला, आणि ओट्यावरच्या मंडळींना सांगितलं,

"बसा न निवांत. पन जेवाच्या वक्ताले कोर्ट बंद राहीन."